सितारा टीमचा अकरा नंबर

हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. मध्येच कुणी हसलं तर मी थांबणार, आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या नानांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांनी ती आयुष्यात एकदाच सांगितली, मला. आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

साल एकोणीसशे अडुसष्ट. गाव अबू धाबी. वार शुक्रवार, मगरिबची, सूर्य बुडतानाच्या नमाजची वेळ.

रात्र नाही हां… ऊन नुकतं उतरलंय, माणसाला माणूस दिसतोय, अशी वेळ. तेच तर वाईट आहे. अंधार असता तर म्हणता आलं असतं, नीट दिसलं नाही.

नानांचं नाव खैरुद्दीन. गोष्टीत मी त्यांना खैरुद्दीनच म्हणतो. तेव्हा ते कुणाचे नाना नव्हते, तिशीतले होते.

आज आपण मोहम्मद बिन झायद सिटीत एसी लावून बसलोय. तेव्हा इथे काय होतं? वाळू. पलीकडे मुसफ्फा आहे ना, तिथे पण वाळूच. शहर म्हणजे लांब किनाऱ्यावरचा एक तुकडा, नुकता बांधायला घेतलेला. सगळ्यांना सिमेंट पाहिजे, आणि सिमेंट येणार बोटीने. मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, लांब समुद्रात उभी राहायची. मग इथून बार्ज, म्हणजे सपाट माल-होडी, तिच्या कुशीला जायचा आणि गोणी उतरवून आणायचा.

खैरुद्दीन त्या बार्जवरचा मुकादम. हाताखाली सगळी आपली माणसं, रत्नागिरी आणि रायगडची. आठवडाभर सिमेंट खायचं. शुक्रवारी फुटबॉल.

आता तेव्हाच्या टीमा कशा असायच्या माहितीये? आज आहे, उद्या नाही. बेकरीवाल्यांची टीम होती. बेकरी बंद, टीम खलास. रस्त्याच्या कंपनीची टीम सगळ्यात भारी. पण रस्ता अल ऐनच्या बाजूला सरकत गेला, तसे प्लेअरपण रस्त्याबरोबर सरकले. बँकवाल्यांची अर्धी टीम एका बोटीने सुट्टीवर गेली ती परत आलीच नाही. कुणाचा फोटो नाही, कुणाचा कप नाही. शिट्टीसुद्धा सगळ्या टीमांत मिळून एकच.

मैदान म्हणजे जेट्टीच्या मागची खारट, कडक जमीन. गोलपोस्ट पाइपचे. आणि रेषा आखायच्या इंजिनाच्या जळक्या तेलाने.

बार्जवाल्यांच्या टीमचं नाव सितारा. हिरव्या जर्सीवर छातीला पांढऱ्या कापडाचा सितारा शिवलेला. जर्सी माणसाची नसायची, टीमची असायची. माणूस गावी गेला की अंगातली उतरवून पुढच्याच्या हातात द्यायची. माणसं बदलायची, जर्सी राहायची.

ही टीम काढली हारूनने.

हारून म्हणजे खैरुद्दीनचा मेहुणा. माझ्या नानीचा धाकटा भाऊ. अंगाने बुटका. नमाजला शेजारी उभा राहिला तर त्याचा खांदा खैरुद्दीनच्या दंडाला लागायचा. हे लक्षात ठेवा.

खेळायचा डाव्या बाजूने. अकरा नंबर. अनवाणी. आणि खेळताना तोंड बंद नाही. "खैरूभाई, इकडे. खैरूभाई, झोपलात काय?" समोरच्या टीमलापण सल्ले द्यायचा. गोलकीपर तय्यब म्हणायचा, "याचा आवाज बंद झाला ना, तर मॅच संपली असं समजायचं."

खैरुद्दीननेच त्याला गावाहून आणलं होतं. निघताना हारूनची आई, मैमुनाबी, अंगणात उभी होती. एवढंच म्हणाली, "दोघं जाताय, दोघंच या."

आणि मग एका दुपारी बोटीवरून गोणींची जाळी खाली येत होती. वारा सुटला. जाळी झोके घ्यायला लागली. हारून बार्जच्या कडेला उभा होता…

बोट आणि बार्ज यांच्यामध्ये पडला.

लाँच अंधार होईपर्यंत फिरली. दुसऱ्या दिवशी फिरली. तिसऱ्या दिवशी मुकादमालाच सांगण्यात आलं, गोणी उतरवायला घ्या.

बॉडी मिळाली नाही.

आता आपल्या लोकांत काय करतात? मय्यत नसेल तर गायबाना नमाज पढतात. मयताची नमाज, मयताशिवाय. कॅम्पचा स्वयंपाकी हमीदचाचा, वयाने सगळ्यांत मोठा, नमाज तोच पढवायचा. तो म्हणाला, "खैरू, पढून घेऊ."

खैरुद्दीन म्हणाला, "मय्यत कुठे आहे? मय्यत दाखवा, मग पढा."

"बाळा…"

"चाचा, तो पोहतो. तो येईल."

विषय संपला. अकरा नंबरची जर्सी खैरुद्दीनने आपल्या खाटेच्या वर खिळ्याला टांगली. कुणी हात लावायचा नाही.

सितारा दहा जणांत खेळायला लागली.

आणि दहा जणांत हरायला लागली. दर शुक्रवारी. सगळे आधीच दमलेले, त्यात एका माणसाची धाव बाकीच्यांनी वाटून घ्यायची. तय्यब म्हणायचा, "अकरा जणांची बेइज्जती दहा जणांत वाटायची, म्हणजे जरा जास्तच येते वाट्याला." कुणी हसायचं नाही. हसायला पण ताकद लागते. दोन जण गुपचूप पॉवरहाउसच्या टीमकडे बोलून आले, आम्हाला घ्याल का म्हणून.

पण खरी गडबड त्यात नव्हती.

मॅच संपली की मगरिबची अजान व्हायची. बार्जची ताडपत्री वाळूवर अंथरायची. शॉर्ट्सवर लुंगी गुंडाळायची, डब्यातल्या पाण्याने हात-तोंड-पाय धुवून वजू करायचं, आणि तिथेच नमाज. एक ओळ. तिला सफ म्हणतात. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, मध्ये फट ठेवायची नाही. लहान पोरालापण माहीत असतं हे.

हारूनची जागा ठरलेली होती. खैरुद्दीनच्या डावीकडे. त्याच्या पलीकडे तय्यब, सफच्या डाव्या टोकाला.

खैरुद्दीनने ती जागा सोडायला लावली.

बरोबर एका माणसाची जागा… रिकामी.

हमीदचाचा पहिल्या दिवशी वळून म्हणाला, "सफ मिलाओ."

कुणी हललं नाही. तय्यबने खैरुद्दीनकडे बघितलं, खैरुद्दीन खाली बघत होता. हमीदचाचाने दोन क्षण वाट पाहिली आणि हात बांधून नमाज सुरू केली.

तसंच मग दर शुक्रवारी.

आता ऐका.

बेकरी गेली तरी बेकरीतले काही जण राहिले होते, त्यांनी नवी टीम बांधली होती. त्यांच्याशी मॅच. खैरुद्दीनकडे बॉल आला, समोर दोघं आडवे. त्याने सवयीने डावीकडे मारला. मारल्यावर लक्षात आलं, तिकडे आपलं कुणीच नाही.

बॉल डावीकडे गेला…

आणि परत आला.

सरळ, पायात, जसा हारून द्यायचा तसा.

खैरुद्दीन बघतच राहिला. सगळे ओरडले, त्याने मारला, गोल झाला. गेल्या कित्येक आठवड्यांतला पहिला गोल. कुणी विचारलंच नाही बॉल कुठून आला. दगडाला लागला असेल. दगड कुठे होता त्या मैदानात?

मॅच संपल्यावर त्यांचा बॅक पाणी पीत पीत खैरुद्दीनजवळ आला. म्हणाला, "तुम्हारा ग्यारा नंबर अच्छा खेलता है. लेकिन बात नहीं करता."

खैरुद्दीन डाव्या बाजूला चालत गेला. तेलाच्या रेषेच्या कडेकडेने पावलं उमटली होती. अनवाणी. जमीन दोन महिन्यांची कोरडी, टाच आपटली तरी धूळ उडायची. आणि ती पावलं…

ओली.

तुम्ही म्हणाल, पळून गेला असेल. नाही. खैरुद्दीनला रडू आलं. आनंदाने. खोलीत गेला तर जर्सी खिळ्यालाच होती, पण दमट, खारट वासाची, बाहीला वाळू. ती त्याने चेहऱ्याला लावली. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी त्याला झोप लागली.

तिथून पुढे तो शुक्रवारची वाट बघायला लागला. नमाजला उभा राहिला की डाव्या अंगाला गार लागायचं. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या अंगाचा असतो तसा गारवा. त्याला वाटायचं, आला. तय्यब मात्र त्या रिकाम्या जागेपासून अजून थोडा लांब सरकून उभा राहायला लागला. ताडपत्रीच्या बाहेर, वाळूवर. नमाज झाल्यावर एकदा तो म्हणाला, "खैरूभाई, मला इथे थंडी वाजते."

"जानेवारी आहे."

"हो," तय्यब म्हणाला. "फक्त उजव्या खांद्यालाच जानेवारी आहे."

मग कॅप्टन लोकांची मीटिंग झाली, चहाच्या टपरीवर. पॉवरहाउसवाला म्हणाला, दहा जणांशी खेळून मजा नाही. शुक्रवार एकच आहे, मैदान एकच आहे. या शुक्रवारी खेळून घ्या. पुढच्या शुक्रवारी अकरा आले तर ठीक, नाहीतर सितारा बाद.

यल्ला, खलास.

माणूस होता. जमाल, श्रीवर्धनचा, नवीनच बार्जवर लागलेला, चांगला पळायचा. खैरुद्दीनला फक्त ती जर्सी त्याच्या हातात द्यायची होती. एवढंच. नाही दिली तर हारूनने काढलेली टीम जाणार, बाकीच्या टीमा गेल्या तशी. दिली तर हारूनची जागा जाणार.

त्या रात्री जेवताना तय्यबने विषय काढला. "खैरूभाई, मी मस्करी करत नाही आता. पोरं थकलीत. तुम्ही पण थकलात. जमालला घ्या."

"जागा हारूनची आहे."

"हारून असता तर त्यानेच शिव्या घालून जमालला आत घेतलं असतं."

"तो येतो," खैरुद्दीन म्हणाला. हळूच. "तुला पण माहितीये तो येतो. तुला थंडी वाजते ना?"

सगळ्यांचा रोटीचा घास हातातच.

हमीदचाचा भांडी घासत होता. हात न थांबवता म्हणाला, "खैरू, सफमध्ये जागा सोडू नये असं लहानपणी शिकलास ना? का ते शिकवलं होतं?"

खैरुद्दीनने घास ताटात ठेवला.

"सोडलेल्या जागेत कुणीतरी येऊन उभं राहतं, म्हणून." चाचाने पातेलं पालथं घातलं. "जागा हारूनची आहे, मान्य. येणारा हारून आहे… हे तुला कुणी सांगितलं?"

तो शुक्रवार आला.

दुपारपासून शमाल, उत्तरेकडून धूळ आणणारा वारा. धूळ अशी की समोरचा गोलपोस्ट पिवळट दिसत होता. सितारा दहा जणांत उतरली. जमाल रेषेबाहेर उभा. हरले. किती गोलांनी ते नानांना आठवत नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं की डाव्या बाजूने पूर्ण वेळ कुणीतरी धावत होतं… धुळीत पायांचा आवाज येत होता…

पण एकदाही "खैरूभाई" अशी हाक आली नाही.

पहिल्यांदा त्याला ते खटकलं. हारून आणि गप्प? बुडून आला तरी गप्प?

अजान झाली. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. सफ लागली. जमाल पार उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. खैरुद्दीनच्या डावीकडे जागा सोडलेली. हमीदचाचाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. थकला होता तोपण.

नमाज सुरू झाली.

वारा एकदम पडला.

आणि डावीकडून गारवा आला, रोजच्यासारखा. मग पाण्याचा थेंब ताडपत्रीवर पडल्याचा आवाज. टप. मग अजून एक.

मग त्या दिवशी पहिल्यांदा… खांदा लागला.

ओल्या कापडाचा, जड.

सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा? हारूनचा खांदा त्याच्या दंडाला लागायचा.

हा खांदा त्याच्या कानाला लागत होता.

नमाजमध्ये इकडेतिकडे बघायचं नसतं, नजर सजद्याच्या जागेवर. खैरुद्दीनने नजर उचलली नाही. सजद्यात कपाळ टेकलं, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला आपल्या पंजाशेजारी ताडपत्रीवर पाणी पसरताना दिसलं. पसरत पसरत त्याच्या बोटांपर्यंत आलं. बर्फासारखं गार.

तीन रकात, म्हणजे नमाजच्या तीन फेऱ्या. मगरिबच्या तीनच असतात. नाना म्हणाले, तेवढी लांब नमाज मी परत कधी पढलो नाही.

शेवटी सगळे बसले. आता सलाम फिरवायचा. आधी उजवीकडे तोंड, मग डावीकडे. डावीकडे वळावंच लागतं. सगळेच वळतात.

उजवीकडे वळला. "अस्सलामु अलैकुम व रहमतुल्ला."

मग डावीकडे…

मी नानांना विचारलं, "काय दिसलं?"

नाना म्हणाले, "सितारा."

"म्हणजे?"

"छातीवरचा सितारा. माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर. तो पण बसलेला होता, मी पण बसलेलो. हारून बसला असता तर त्याचं डोकं तिथे आलं असतं. इथे छाती होती. तोंड बघायचं तर मान वर करायला लागली असती."

"केली?"

"नाही केली."

त्याने सलाम पूर्ण केला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ताडपत्रीवर फक्त पाणी होतं. पलीकडे तय्यब दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. खोलीत जर्सी खिळ्यालाच टांगलेली होती, आणि खालून पाणी ठिबकत होतं.

खैरुद्दीन सरळ हमीदचाचाकडे गेला. म्हणाला, "चाचा, हारून गेला. गायबाना पढवा."

एवढंच. त्या दोन शब्दांना त्याला इतके महिने लागले होते.

दुसऱ्या दिवशी गायबाना नमाज झाली. खैरुद्दीन पोटभर रडला. सगळे रडले. मग त्याने गोड्या पाण्याने जर्सी धुतली. तेव्हा गोडं पाणी प्यायला पुरत नव्हतं, कुणी हूं की चूं केलं नाही. वाळवली, आणि जमालच्या हातात दिली. "हारूनची होती. आता टीमची आहे."

पुढच्या शुक्रवारी सितारा अकरा जणांत उतरली. जिंकली नाही. बरोबरीत सुटली, पण पोरं जिंकल्यासारखी नाचली. डावी बाजू जमालची. बॉल जिथे मारला तिथे गेला. ओली पावलं नाहीत. खैरुद्दीनला वाटलं, सुटलो.

मगरिब. ताडपत्री. हमीदचाचा म्हणाला, "सफ मिलाओ." जमाल हारूनच्या जागेवर उभा राहिला, त्याला चिकटून तय्यब. कुठे फट नाही. खांद्याला खांदा, सगळे खांदे गरम, घामाचे.

खैरुद्दीनने डावीकडे सलाम फिरवला. जमालचा कान दिसला. त्याने श्वास सोडला.

सगळे उठले. तय्यब उठला नाही.

"काय रे?" खैरुद्दीनने विचारलं.

तय्यब सफच्या टोकाला बसलेला. नजर सरळ समोर. ओठ पांढरे.

"खैरूभाई," तो म्हणाला, "माझ्या डावीकडे कोण होतं?"

त्याची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत ओली होती.

तय्यब त्यानंतर कधी टोकाला उभा राहिला नाही. खरं तर सितारामध्येपण राहिला नाही, पॉवरहाउसला गेला. दुसरं कुणी टोकाला जायला तयार नाही. सगळे उजवीकडून उभे राहायचे, ढकलाढकली व्हायची. मग खैरुद्दीन म्हणाला, "टोक माझं." ज्याने जागा सोडायला लावली त्यानेच उभं राहायला पाहिजे, असं त्याला वाटलं. डावीकडे सलाम फिरवताना तो डोळे मिटून घ्यायचा.

सितारा त्यानंतर एक सीझन टिकली. मग खोल पाण्याचं बंदर झालं, बोटी सरळ धक्क्याला लागायला लागल्या, बार्जचं काम गेलं. टीम गेली, जशा सगळ्या गेल्या. मैदानावर आज काय आहे मला माहीत नाही. नानांना पण सांगता आलं नाही. ते एकटेच गावी गेले. मैमुनाबी अंगणात उभी होती. तिने मागे बघितलं, कुणी आहे का… आणि आत गेली.

संपली? नाही.

मी अकरावीत होतो तेव्हा मे महिन्यात गावी गेलेलो. मगरिबला मशिदीत उशिरा पोचलो. पहिली सफ भरत आली होती. नाना डाव्या टोकाला, भिंतीपासून एक हात अंतर ठेवून. गावात सगळ्यांना माहीत होतं, ती जागा खैरूनानांची. म्हाताऱ्याची सवय, असं म्हणायचे. मी पटकन नानांच्या आणि भिंतीच्या मध्ये घुसलो.

नानांनी माझं मनगट धरलं. ऐंशीला आलेला माणूस, पण असं धरलं की वळ उठले. ओढून मला उजवीकडे घेतलं.

म्हणाले, "तिथं नाही. तिथं जागा आहे."

नमाज झाल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो, आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली. मी हसलो असतो. खरंच, तुमच्यासारखाच. पण मे महिना होता, पाऊस यायला वेळ होता, विहिरी आटलेल्या… आणि नानांच्या झब्ब्याची डावी बाही पिळून काढावी इतकी ओली होती.

नाना जाऊन आता चार वर्षं झाली.

मशीद तीच आहे. सफ तशीच लागते. नानांच्यानंतर डाव्या टोकाला कोण उभं राहतं, हे मी मामाला फोनवर अजून विचारलेलं नाही.

विचारायचं असतं दर वेळी. मग दुसरंच काहीतरी बोलतो, आणि फोन ठेवतो.